शेवटचे दीड मिलिमीटर

पोफळीच्या माणसाला गाडीचे टायर बदलायचे झाले की तो खाली चिपळूणला उतरतो, नाहीतर घाटावर काही काम निघालं की त्यासोबत कराडला उरकून येतो. कुठेही गेला तरी त्याला दोन तऱ्हेची दुकानं दिसतात. पहिल्यात कंपनीचा फलक, अलाइनमेंटचं यंत्र, बसायला खुर्च्या आणि जीएसटीचं बिल. दुसरं पत्र्याच्या शेडमधलं. बाहेर टायरची उतरंड, आत कॉम्प्रेसर, पंक्चर बघायची पाण्याची टाकी आणि ‘बिल कशाला पाहिजे दादा, मी आहे ना’ एवढीच हमी. या दुसऱ्या दुकानात वापरलेला टायर नव्याच्या तिसऱ्या हिश्श्याला, कधी त्याहूनही कमी पैशांत मिळतो.

असा टायर घेणाऱ्याला चिक्कू म्हणणं सोपं आहे, पण त्यात अर्थ नाही. बारा-पंधरा वर्षांची वॅगन-आर किंवा ऑल्टो विकायला काढली तर जे पैसे येतील, त्यातला चांगला पाचवा-सहावा हिस्सा चार नव्या टायरमध्ये जाणार असेल तर कोणीही हात आखडता घेईल. गाडी वर्षभरात फिरते किती? दवाखाना, चिपळूणचा बाजार, एखादं लग्न, कराडच्या पाहुण्यांकडे एक फेरी. एवढ्यासाठी नवे कोरे टायर कशाला, हा प्रश्न अगदी वाजवी आहे. वाजवी आहे म्हणूनच त्याचं उत्तर ‘सेफ्टी फर्स्ट’ असं पाटी लावून देता येत नाही. हिशेब मांडावा लागतो.

हिशेबाआधी रस्ता. पोफळी हे कोयना जलविद्युत प्रकल्पाचं गाव. डोंगराच्या पोटातलं इथलं वीजगृह 1962 पासून वीज देतंय आणि सगळे टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॉट आहे. ही वीज तयार होते ती घाटमाथा आणि कोकण यांच्या उंचीतल्या फरकावर. पाणी बोगद्यांतून तो फरक सरळ खाली उतरतं. गाड्यांना मात्र तो कुंभार्ली घाटाच्या वळणांनी उतरावा लागतो. गुहागर-चिपळूण-कराड-विजापूर या रस्त्यावरचा हा टप्पा. उसाच्या पट्ट्यातले ट्रक, कोकणातली मासळी आणि आंबा, एसटी, कोयनानगरला निघालेले पर्यटक, सगळे याच अंगाने जातात. पलीकडे कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, अलीकडे चिपळूण तालुक्यातही साडेतीन हजारांच्या घरात. म्हणजे निदान चार महिने टायर आणि डांबर यांच्यामध्ये पाणी असतंच.

उतारावर गाडीचं वजन पुढच्या चाकांकडे सरकतं. वळणावर ते बाहेरच्या बाजूच्या चाकावर लोटतं. त्यात ब्रेक दाबला की सगळा भार क्षणभर एका टायरच्या तळहाताएवढ्या तुकड्यावर येतो. रस्ता कोरडा असेल तर घासलेला टायरही हे निभावतो. कोरड्या डांबरावर गुळगुळीत रबर उलट चांगलंच धरतं, शर्यतीच्या गाड्यांचे टायर त्यामुळेच बिननक्षीचे असतात. नक्षी लागते ती पाण्यासाठी. टायरखालचं पाणी खाचांतून बाजूला गेलं नाही तर चाक पाण्यावर चढतं, आणि मग स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं.

नव्या कारच्या टायरची खाच साधारण 8 मिलिमीटर खोल असते. कायद्याने ती 1.6 मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 94 वा नियम टायरच्या अवस्थेबद्दल आहे. तार उघडी पडलेला किंवा फुगा आलेला टायरही त्यात बसत नाही. पण 1.6 ही कायद्याची शेवटची पायरी आहे, पावसाची नव्हे. ब्रिटनमधल्या मायरा या वाहनचाचणी संस्थेने ओल्या रस्त्यावर केलेल्या चाचण्यांत 1.6 मिलिमीटर खाचेच्या टायरला थांबायला नव्या टायरपेक्षा 37 ते 45 टक्के जास्त अंतर लागलं. आकडा रस्त्याच्या पृष्ठभागावर अवलंबून. नव्या टायरवर गाडी जिथे थांबली असती, तिथून पुढे ती आणखी दोन-तीन गाड्यांच्या लांबीएवढी घसरत जाते. घाटात तेवढ्या अंतरात कठडा असतो किंवा समोरून चढणारा ट्रक. म्हणून अनेक जाणकार 3 मिलिमीटरला टायर उतरवा म्हणतात. कोकणात तरी तीच खरी हद्द धरावी, असं माझं मत आहे.

आता हिशेब. समजा, जुन्या कराच्या काळात तुमच्या गाडीचा नवा टायर 4,500 रुपयांना होता. शेडमधला वापरलेला, 5 मिलिमीटर खाच शिल्लक असलेला 1,500 ला. बसवणं आणि बॅलन्सिंग दोन्हीकडे 200 रुपये. टायर विकत घेताना आपण खरं तर झिजवण्यासारखं रबर विकत घेतो, तेव्हा भाव मिलिमीटरने काढू. कायद्याच्या 1.6 पर्यंत वापरायचं ठरवलं तर नव्यात 6.4 मिलिमीटर मिळतात, दर 734 रुपये. जुन्यात 3.4 मिळतात, दर 500. चांगली तिसऱ्या हिश्श्याची बचत. पण 3 मिलिमीटरला उतरवायचा म्हटलं तर नव्यात 5 मिलिमीटर, दर 940. जुन्यात फक्त 2, दर 850. बचत दहा टक्क्यांच्याही आत. त्यातही पाच मिलिमीटरची मजल गाठायला जुने टायर अडीच वेळा बदलायचे, म्हणजे चिपळूणच्या फेऱ्या आणि बुडालेला दिवस वेगळाच.

थोडक्यात, जुन्या टायरमधली जी बचत डोळ्यांत भरते ती जवळपास सगळी 3 ते 1.6 या शेवटच्या दीड मिलिमीटरमधली असते. नेमका तोच भाग पावसात निकामी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ज्याला घाट चढावा-उतरावा लागत नाही, त्याला ती बचत खरीच मिळते. विदर्भातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचं गणित वेगळं येईल. पोफळीत राहून ती बचत खिशात टाकायची तर पावसाळाभर गाडी पडवीत ठेवावी लागेल.

आणखी एक गोष्ट मध्ये आली आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या टायरवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. 128 चे 118 झाले, म्हणजे पूर्ण लाभ गिऱ्हाइकापर्यंत पोचला तर साडेचार हजारांचा टायर साधारण साडेतीनशे रुपयांनी उतरतो. वरच्या हिशेबात नव्याचा दर 940 वरून 870 वर येतो. जुन्याचा 850. वीस रुपये मिलिमीटरसाठी कोणी अनोळखी टायर चढवावा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. शेडवाल्याने भाव पाडले तर गणित पुन्हा बदलेल, आणि घासाघीस करताना हा कराचा मुद्दा काढायला हरकत नाही.

पण खाचेची खोली मोजता येते, ही त्यातल्या त्यात बरी बाजू. मापायची पट्टी स्वस्तात मिळते. मोजता येत नाही ती टायरची पूर्वकथा.

‘डॉक्टरांच्या गाडीचे आहेत साहेब, जेमतेम पाच हजार फिरलेत.’ या बाजारात थोडं हिंडलं की महाराष्ट्रातले समस्त डॉक्टर दर पाच हजार किलोमीटरला टायर बदलतात, अशी खात्री पटायला लागते. असे टायर नसतातच असं नाही. नवी गाडी घेतल्या घेतल्या हौसेने अलॉय आणि रुंद टायर चढवणारे असतात. त्यांचे मूळ टायर जवळपास कोरे निघतात, आणि वापरलेल्या मालातला तो उत्तम माल. पण तो थोडा. बाकीचा माल भंगारात निघालेल्या गाड्यांचा, कुर्ल्यासारख्या मोठ्या भंगार बाजारांतून पुढे आलेला. अपघातात गेलेल्या गाड्यांचा. आणि सगळ्यात मोठा भाग म्हणजे कोणीतरी ‘आता हे नकोत’ म्हणून दुकानात सोडून दिलेले टायर. ज्याने सोडले त्याला सोडण्याचं काही कारण होतं. ते कारण टायरसोबत येत नाही.

कोकणात एक खास जातीचा जुना टायर भेटतो. मुंबईतल्या इमारतीखाली झाकून ठेवलेली, गणपती, शिमगा आणि मे महिना एवढीच बाहेर पडणारी चाकरमान्याची गाडी. तिच्या टायरची नक्षी सात-आठ वर्षांनंतरही टवटवीत दिसते. खाच मोजा, सहा मिलिमीटर भरते. हा टायर सगळ्यात फसवा. रबर वापरानेच झिजतं असं नाही, ते वयानेही मरतं. हवेतला प्राणवायू आणि ओझोन त्याला आतून-बाहेरून कडक करत असतात, उष्णता ते काम वेगाने करते. त्यापासून बचाव म्हणून रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायनं मुरवलेली असतात. टायर फिरत, दबत राहिला तर ती पृष्ठभागावर येत राहतात. गाडी उभी राहिली की ते थांबतं. मग भिंतीवर आणि खाचांच्या तळाशी बारीक भेगा उठतात, आणि आत पोलादी तारांचे पट्टे ज्या रबराने एकमेकांना धरलेले असतात तेही सुटायला लागतं. बाहेरून नक्षी शाबूत आणि आत पदर सुटलेले.

याचा सगळ्यात दारुण दाखला इंग्लंडमधला आहे. सप्टेंबर 2012 मध्ये संगीत महोत्सवाहून परतणारी एक बस सरे परगण्यात रस्ता सोडून झाडावर आदळली. चालकासह तिघं गेले. पुढचा टायर फुटला होता. त्याची नक्षी कायद्यात बसणारी होती. वय 19 वर्षं होतं, बसच्या वयापेक्षाही जास्त. त्यात गेलेल्या एका तरुणाच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि 1 फेब्रुवारी 2021 पासून ब्रिटनमध्ये बस आणि मालट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुना टायर लावायला बंदी आली. तिथे वापरलेल्या टायरच्या विक्रीलाही 1994 पासून नियम आहेत: पूर्ण रुंदीत किमान 2 मिलिमीटर खाच हवी आणि टायर वापरलेला असल्याचा ठसा त्यावर हवा. आपल्याकडे जुन्या टायरच्या विक्रीला असा वेगळा ठसा नाही. गाडीवर चढल्यानंतरच्या टायरला नियम आहे, शेडमधल्या टायरला नाही.

वय मात्र टायरवरच लिहिलेलं असतं. भिंतीवर डीओटी या अक्षरांनंतरच्या मजकुराच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. अनेक टायरवर पूर्ण तारीख एकाच बाजूला असते, त्यामुळे दोन्ही बाजू बघाव्या लागतात. तीनच आकडे दिसले तर तो टायर 2000 सालाच्या आधीचा. त्याला नमस्कार करून बाहेर पडावं. आकडे घासून काढलेले असतील तर विचारपूस करायचंही कारण नाही. पाच वर्षं झाली की दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षांपलीकडे, कितीही छान दिसला तरी, ठेवू नका, हा मोठ्या टायर कंपन्यांचा साधारण सल्ला आहे. वर्षाला चार हजार किलोमीटर फिरणाऱ्या पोफळीच्या गाडीचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. अशा गाडीला चार वर्षांचा जुना टायर घेतला तर खाच संपायच्या आत त्याचं आयुष्य संपू शकतं. कमी फिरणाऱ्यासाठी जुना टायर फायद्याचा, हा समज इथे उलटा पडतो.

दुकानात पहिलं काम म्हणजे ओलं फडकं मागून टायर पुसणं. काळ्या पॉलिशखाली भेगा लपतात. दुसरं, टायर रिमवर चढवलेला असेल तर उतरवून दाखवायला सांगायचं. बरेच जण इथे संकोचतात. पण हवा नसताना दोन-चार किलोमीटर ओढलेला टायर बाहेरून शहाण्यासारखा दिसतो आणि आतून त्याच्या भिंती चुरडलेल्या असतात. आत रबराचा काळा भुगा आणि भिंतीभोवती गोल ओरखडा दिसला की ओळखावं. आतूनच कळतं की पंक्चर कसं काढलंय. पायतळाच्या मधल्या भागात आतून मशरूम पॅच लावून केलेली दुरुस्ती चालते. बाहेरून नुसती दोरी खुपसलेली असेल, किंवा छिद्र खांद्याच्या अंगाला, भिंतीजवळ असेल तर नाही. भिंतीवरून हात फिरवायचा. फुगा लागला तर आतले दोरे तुटलेत. पावसाळ्यातल्या खड्ड्यात आपटल्याची ती खूण. नक्षी एका अंगाने खाल्लेली असेल तर आधीच्या गाडीचं अलाइनमेंट बिघडलेलं होतं, आणि तो टायर तुमच्या गाडीत घोंघावत राहणार.

आणि एक उघड लबाडी. गोटा झालेल्या टायरला गरम पात्याने नव्या खाचा पाडायच्या. काही ट्रकच्या टायरमध्ये यासाठी मुद्दाम जाड थर ठेवलेला असतो आणि तसं त्यावर लिहिलेलं असतं. कारच्या टायरमध्ये तो थर नसतो. पातं थेट तारांच्या पट्ट्याजवळ पोचतं. ओळखायची खूण अशी की मूळ खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर लहान उंचवटे असतात, 1.6 मिलिमीटरची हद्द दाखवणारे. कापलेल्या खाचेत ते नाहीसे झालेले असतात आणि तळ खरखरीत लागतो.

इथे कोणीही विचारेल की मग एसटीचं काय? कुंभार्ली घाटाने जाणारी लाल गाडी रिमोल्ड टायरवर धावते आणि तिच्यात पन्नास माणसं बसतात. खरं आहे. राज्य परिवहन महामंडळाचे स्वतःचे टायर पुनःस्तरीकरणाचे कारखाने आहेत. पण रिमोल्ड आणि जुना टायर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. तिथे नक्षी घासली की सांगाडा तपासून वर नवा थर चढतो, आणि तो सांगाडा महामंडळाचा स्वतःचाच असतो. कोणत्या गाडीला लागला, किती किलोमीटर धावला, किती वेळा रिमोल्ड झाला, याची नोंद ठेवलेली असते. शिवाय रिमोल्ड टायर मागच्या जोडचाकांना लावायचे, स्टेअरिंगच्या चाकांना नवे, हा या धंद्यातला जुना दंडक. म्हणजे एसटीला आपल्या टायरची कुंडली पाठ असते. शेडमधल्या टायरची कुंडली फक्त त्या डॉक्टरांना ठाऊक.

टायर फुटला की आपण ‘नशीब’ म्हणतो. मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्य केलेलं नाही. 25 ऑक्टोबर 2010 ला पुण्याहून मुंबईला निघालेल्या एका गाडीचा मागचा टायर फुटला, गाडी खोल खड्ड्यात गेली आणि आत बसलेल्या एकाचा जीव गेला. मोटार अपघात न्यायाधिकरणाने 2016 मध्ये त्याच्या कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपये भरपाई दिली. न्यू इंडिया ॲश्युरन्स अपिलात गेली. टायर फुटणं ही दैवी घटना आहे, चालकाचा दोष नाही, असा एक मुद्दा होता. न्या. एस. जी. डिगे यांनी फेब्रुवारी 2023 मध्ये तो फेटाळला. टायर फुटण्याला अतिवेग, कमी-जास्त हवा, तापमान अशी कारणं असतात. निघण्यापूर्वी टायर बघणं हे चालक-मालकाचं काम, आणि यात निष्काळजीपणा माणसाचा, असं निकाल सांगतो. त्या कारणांच्या यादीत सेकंडहँड टायरचाही नाव घेऊन उल्लेख आहे. पत्र्याच्या शेडमध्ये वाचलेले तीन हजार रुपये या निकालाशेजारी ठेवून बघावेत.

उलट, न फुटलेल्या टायरवरही बिल फाडलं जातं. 1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून 25 प्रवासी गेले. टायर फुटल्याचं चालकाने सांगितलं. परिवहन विभागाच्या अहवालात मात्र टायर फुटल्याचा पुरावा नसल्याचं आलं. त्याच वर्षी समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायची मोहीमही झाली. घाटरस्त्यांच्या पायथ्याशी, पावसाच्या तोंडावर असं काही व्हायला हवं. पोफळीला घाट सुरू होण्याआधी थांबायला जागा आहे.

विमा या बाबतीत फारसा धावून येत नाही. नेहमीच्या पॉलिसीत नुसत्या टायरचं नुकसान भरून मिळत नाही. गाडीचंही त्याच वेळी नुकसान झालं असेल तर टायरच्या किमतीच्या निम्मे मिळतात.

मग घ्यावा कधी? ओळखीच्या माणसाने नव्या गाडीचे टायर हौसेने बदलले असतील, त्याचं बिल दाखवता येत असेल, तारीख दोन वर्षांच्या आतली असेल, चारही एकाच जातीचे असतील, आणि भाव अर्ध्याच्या आसपास असेल, तर जरूर घ्यावेत. माप मात्र तुमच्या गाडीच्या दारावरच्या पट्टीशी जुळलं पाहिजे, आणि त्यापुढचा भारांकही. 85 म्हणजे एका टायरवर 515 किलो, 88 म्हणजे 560. गणपतीला पाच माणसं आणि परतताना डिकीत नारळ, फणस, तांदळाचं पोतं असतं तेव्हा हा आकडा शोभेचा राहत नाही. स्टेपनीसाठी जुना टायर घ्यायलाही माझी हरकत नाही, पण तिथेही तारीख आधी बघायची, कारण स्टेपनी म्हणजे न वापरता म्हातारा होणारा टायर.

दोनच घ्यायचे असतील तर ते मागच्या चाकांना लावावेत. आपल्याकडचे बहुतेक मेकॅनिक चांगले टायर पुढे लावतात, पुढची चाकं गाडी ओढतात म्हणून. पण ओल्या वळणावर पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केल्यावर बहुधा ताब्यात येते. मागचं घसरलं तर गाडी गर्रकन फिरते, आणि मग बहुतेकांना काही सुचत नाही. एकाच धुरीवर एक नवा, एक जुना ही जोडी तर नकोच.

पैसे खरोखरच नसतील तर जुन्या सेटपेक्षा दोन नवे टायर घ्यावेत, उरलेल्यातले बरे दोन ठेवावेत आणि पुढचे दोन पुढच्या वर्षी. दर पंधरवड्याला हवा बघितली तर टायरचं आयुष्य फुकटात वाढतं. हवा कमी असली की भिंत जास्त वाकते आणि तापते. बहुतेक टायर त्या तापानेच फुटतात.

नवे टायर चढवल्यावर दुकानदार विचारतो, ‘जुने ठेवू का?’ वर शे-दोनशे रुपये कमी करतो. बहुतेक जण हो म्हणतात. कोण ते घरी नेऊन अंगणात डासांसाठी पाणी साठवत बसणार? त्यातला जो टायर तुम्ही घाटासाठी नालायक ठरवलात, तो पुसून, पॉलिश मारून पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या वॅगन-आरला लागू शकतो. दुकानातच त्याच्या भिंतीवर सुरीने आडवा छेद मारून घेता येतो. शंभर रुपये कमी मिळतील, दुकानदाराचं तोंड वाकडं होईल. पण मग तो टायर भंगाराशिवाय दुसरीकडे कुठे जात नाही.